मुखपृष्ठावरचा एक शब्द

तुमचा प्रश्न आधी पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर भरकटलं तर मला ओढून आणता येईल. आजीच्या आयुष्यावर तुम्ही पुस्तक लिहिलंय. कोकणातलं घर, मुंबईला गिरणीत गेलेले आजोबा, महिन्याची मनीऑर्डर, आणि १९८२ च्या संपात ती बंद झाली तिथपासून पुढचं सगळं. निम्मं आजीच्या तोंडून ऐकलेलं, निम्मं रचलेलं. आजोबांची पत्रं तर पूर्णपणे तुम्हीच लिहिलेली. प्रकाशक म्हणतात, मुखपृष्ठावर ‘सत्य जीवनकहाणी’ घालू, खपेल. बहीण म्हणते ‘कादंबरी’ म्हण, नाहीतर भाऊबंद दारात येतील. मित्र म्हणतो, चांगल्या पुस्तकाला शिक्का लागत नाही, काहीच घालू नकोस. आणि तुम्ही विचारताय की त्या एका शब्दाने वाचकाला खरंच फरक पडतो का.

पडतो. मी तेहतीस वर्षं तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात काढली, त्यातली बरीचशी देवघेवीच्या टेबलामागे. आता प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचते. पुस्तक घेऊन जाणारा वाचक सगळ्यांनाच दिसतो, मला परत करायला येणारा जास्त दिसला. पुस्तक टेबलावर ठेवताना तो एखादं वाक्य बोलून जातो. ‘असं होतं का कुठे?’ ‘भाषा काही खास नाही, पण डोळ्यांत पाणी आलं.’ ‘शेवट गुंडाळलाय.’ ‘कळलं नाही, पण भारी आहे.’ सुरुवातीला वाटायचं, ही पुस्तकाची परीक्षा. पुढे पुढे लक्षात यायला लागलं की पुस्तक कुठल्या कपाटातून काढलं होतं, याचाही त्यात मोठा वाटा असतो.

एक किस्सा सांगते. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ सिनेमा आला. त्याचं नाव श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं आणि गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या एका भयकथेतलं. लोकांना यातलं फक्त नाव माहीत. दोन-तीन महिन्यांत आमच्याकडचे ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड कॉलेजच्या मुलांनी नेले, आणि आठ दिवसांत परत. एकाने सिनेमातल्या राक्षसाचं नाव घेऊन विचारलं, ‘मॅडम, यात हस्तर कुठल्या पानावर आहे?’ खोतांच्या पिढ्यांची ती ऐसपैस कादंबरी त्याने भूत येण्याची वाट बघत शंभर पानं वाचली होती. म्हणाला, ‘नुसतंच भाऊबंदकीचं आहे, काही घडतच नाही.’ खरं तर त्या पानांत पुष्कळ काही घडतं. पण भयकथेच्या वाचकाला जे घडायला हवं असतं ते घडत नाही. धारपांचं पुस्तक त्याच्या हातात दिलं, तेव्हा मुलगा खूश झाला. पेंडसे मात्र त्याच्या खात्यावर कायमचे ‘कंटाळवाणे’ म्हणून जमा झाले. त्यात पेंडश्यांची चूक नाही आणि त्याचीही नाही.

शिक्का वाचकाला दोन गोष्टी सांगतो: शंका कशावर घ्यायची आणि माफ काय करायचं. रहस्यकथेचा वाचक सपाट पात्रं चालवून घेतो, पण शेवटी हातचलाखी दिसली की त्याला फसवल्यासारखं वाटतं. आत्मचरित्राचा वाचक पसरट लिहिलेलं सोसतो, खोटं सोसत नाही. कादंबरीचा वाचक खोट्याच्या तयारीनेच आलेला असतो, त्याला पसरट चालत नाही. विनोदी म्हणून हातात घेतलं की दुसऱ्या पानापर्यंत हसू आलं नाही तर पुस्तक बंद. पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या नंदा प्रधानवर कितीतरी जणांना ‘हे काही एवढं जमलेलं नाही’ म्हणताना मी ऐकलंय. त्यांना हसायचं होतं आणि त्या लेखात हसण्यासारखं फारसं नाही.

हा केवळ माझ्या टेबलामागचा अनुभव नाही. रॉल्फ झ्वान नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच उतारे, काही जणांना सांगितलं की ही वर्तमानपत्रातली बातमी आहे, काहींना सांगितलं की हा ललित मजकूर आहे. ललित समजून वाचणारे सावकाश वाचत होते आणि त्यांच्या लक्षात नेमके शब्द जास्त राहिले. बातमी समजून वाचणारे भरभर गेले, शब्द विसरले, पण काय घडलं, कुठे, कशामुळे, हे त्यांना जास्त नीट सांगता आलं. मजकूर एकच, डोळे फिरण्याचा वेग वेगळा. अमेरिकेत ख्रिस गॅव्हेलर आणि डॅन जॉन्सन यांनी २०१७ मध्ये विज्ञानकथेवर असाच प्रयोग केला. खाणावळीत शिरणाऱ्या एका माणसाचा प्रसंग घेतला, आणि दुसऱ्या प्रतीत थोडे शब्द बदलून तीच खाणावळ अंतराळस्थानकात नेली. अंतराळातली प्रत वाचणाऱ्यांनी तिला साहित्य म्हणून कमी लेखलं, पात्रांच्या मनात काय चाललंय हे समजून घ्यायला मेहनतही कमी घेतली आणि आकलनात कमी पडले. दोन-तीन शब्दांत त्यांना वाटून गेलं की हे सोपं असणार, आणि ते सोपं म्हणूनच वाचलं. एका प्रयोगावर तीन मजले चढवू नयेत हे कबूल, पण मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे विज्ञानकथा परत करताना लोक ‘माहिती छान आहे’ म्हणायचे. कादंबरीला कोणी ‘माहिती छान आहे’ म्हटलं तर लेखकाला झोप लागणार नाही.

विज्ञानकथेचा विषय निघालाच आहे, तर नारळीकरांची गोष्ट सांगायलाच हवी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. जयंत नारळीकर तोवर जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाले होते, पद्मभूषणही १९६५ लाच मिळालेलं. त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली आणि पाठवताना लेखक म्हणून नाव घातलं नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून पत्नीकडून, मंगलाताईंकडून, ती लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. या गोष्टीतली युक्ती सगळ्यांना आवडते. मला त्यामागची शंका आवडते: कथा वाचण्याआधी परीक्षक नाव वाचतील आणि नाव वाचलं की कथा वाचणारच नाहीत. लेखकाचं नाव हाही साहित्यप्रकाराइतकाच पक्का शिक्का असतो, आणि ज्याच्यावर तो बसलाय त्याला ते सर्वांत आधी कळतं.

पुढे काय झालं तेही बघा. जगतापांचे नारळीकर झाले आणि मराठीत विज्ञानकथा म्हणजे नारळीकर असं समीकरण बसलं. मग पुस्तकं पोचली कुठे? शाळेच्या बक्षीस समारंभात. आमच्याकडे ‘प्रेषित’ ही कादंबरी कुणीतरी ५०० च्या कपाटात, म्हणजे शास्त्रविषयांत, लावून ठेवली होती. भौतिकशास्त्राच्या गाइडांशेजारी ती किती वर्षं उभी होती देव जाणे. मी ती काढून कादंबऱ्यांत नेली, तर एका शिक्षकांनी सांगितलं, ‘अहो, ती मुलांना शास्त्रासाठी लागते.’ आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार नारळीकरांना मिळाला तो २०१४ मध्ये, ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. त्या पुस्तकाची योग्यता वादातीत आहे. पण ज्या प्रकारासाठी मराठी घरात त्यांचं नाव झालं, त्या प्रकाराला ती दाद मिळाली नाही. मला हे योगायोगाचं वाटत नाही. विज्ञानकथा म्हटलं की आपण मनाने वर्गात जाऊन बसतो, आणि वर्गात कोणी वाङ्मय शोधत नाही.

सुहास शिरवळकरांचं उलटं झालं. दारा बुलंद, फिरोज इराणी असे नायक घेऊन त्यांनी धडाधड रहस्यकथा लिहिल्या, त्या फाटेपर्यंत वाचल्या गेल्या. त्याच माणसाने ‘दुनियादारी’ लिहिली, कॉलेजच्या कट्ट्यावरच्या मुलांची कादंबरी, ज्यात ना खून ना हेर. ती कुठे ठेवायची? लेखकाच्या नावावरून, अर्थातच रहस्यकथांच्या कपाटात. समीक्षकांनी त्या कपाटाकडे कधी पाहिलंच नाही. मुलांनी मात्र शोधून काढली, एकाने दुसऱ्याला दिली, समासात नावं लिहिली. २०१३ मध्ये सिनेमा आला आणि मग ‘आम्हाला तर आधीपासूनच आवडायची’ म्हणणारे खूप निघाले. शिरवळकर २००३ लाच गेले होते. अर्नाळकरांबद्दल तर बोलूच नये: १९३६ ते १९८४ या काळात १,०९२ रहस्यकथा, गिनीजच्या पुस्तकात नोंद, झुंजार आणि काळापहाड घराघरात, आणि तरी आमच्या जुन्या सभासदांतले निवृत्त मुख्याध्यापक अर्नाळकरांचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे. वरच्या पिशवीत मात्र कुणाचं तरी वैचारिक.

आता तुमच्या विषयाच्या जवळ येते, कारण तुमच्या पुस्तकाचा सगळा प्रश्न खऱ्याखोट्याचा आहे.

१९६७ हे एक गमतीचं वर्ष. त्या एका वर्षात शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. दोन्ही महाभारतावर, दोन्हींत कर्ण. ‘मृत्युंजय’ कादंबरी, तिथे कर्ण स्वतः बोलतो, आणि वाचक त्याच्या बाजूने रडतो. ‘युगान्त’ लेखसंग्रह, भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन कर्वेबाई तपासत जातात की मूळ महाभारतात हा माणूस नेमकं काय करतो, कुठे हरतो, कुठे पळतो. आमच्याकडे एक गृहस्थ ‘मृत्युंजय’ची पारायणं करायचे. त्यांना मी मोठ्या उत्साहाने ‘युगान्त’ दिलं. चार दिवसांनी आले ते तापलेले. ‘या बाईंना कर्ण कळलाच नाही.’ मी म्हटलं, ‘सावंतांना कळला?’ म्हणाले, ‘त्यांनी कर्णाच्या मनातलं लिहिलंय!’ म्हणजे कादंबरीत जे कल्पनेने रचलं होतं ते त्यांच्यासाठी पुरावा झालं होतं, आणि पुराव्यावर उभं असलेलं पुस्तक झालं होतं मत. दोन्ही पुस्तकांनी आपापला प्रकार लपवला नव्हता. तरीही वाचकाने ज्याच्यावर आधी प्रेम केलं, त्याचाच शब्द खरा मानला.

पौराणिक कादंबरीत निदान ‘हे कोणी पाहिलंय’ ही पळवाट असते. ऐतिहासिक कादंबरीत तीही नाही. ‘ऐतिहासिक’ आणि ‘कादंबरी’ हे दोन शब्द एकत्र छापले की वाचक पहिला मोठ्याने वाचतो आणि दुसरा मनातल्या मनात. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची. माधवराव पेशवे आणि रमाबाई यांचं शयनगृहातलं बोलणं आपण सगळ्यांनी वाचलंय. ते ऐकलं कोणी? लिहून ठेवलं कोणी? कादंबरीकाराला तो अधिकार आहेच, त्याशिवाय कादंबरी होणार कशी. पण माधवराव जिथे गेले त्या थेऊरला जाऊन आलेले लोक मला ते संवाद ऐतिहासिक आठवण म्हणून सांगायचे. ‘श्रीमान योगी’ला तर नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे, आणि ती इतकी भारदस्त आहे की कादंबरीच्या दारातच इतिहासाचा पहारेकरी उभा केल्यासारखं वाटतं. प्रस्तावना वाचून आत गेलेला वाचक पुढचं पानन् पान त्या पहारेकऱ्याच्या भरवशावर वाचतो. मला ती प्रस्तावना अतिशय आवडते, स्वतंत्र लेख म्हणून मी ती कितीदा वाचली असेल. तिथे असण्याने कादंबरीचं मात्र भलं झालं की नाही, याबद्दल मी अजून दोन मनांत आहे. सावंतांची ‘छावा’ १९७९ ची. २०२५ मध्ये तिच्यावर हिंदी सिनेमा आला तेव्हा भांडणं झाली ती इतिहास म्हणून. कादंबरीचा सिनेमा होताना ‘कादंबरी’ हा शब्द वाटेतच गळून पडला.

मुळात ‘कादंबरी’ हा शब्दच मजेशीर आहे. तो सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या एका संस्कृत कथेचं, आणि त्या कथेतल्या नायिकेचं नाव. हिंदी-बंगालीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा; मराठीने आणि कन्नडने एका पुस्तकाचं नाव अख्ख्या प्रकाराला लावलं. म्हणजे आपण ‘ही कादंबरी आहे’ म्हणतो तेव्हा हे अमक्या पुस्तकासारखं आहे, एवढंच म्हणत असतो. शिक्क्यांचं कामच तसं चालतं. पुस्तक काय आहे ते राहतं बाजूला, आधी वाचलेल्या कुठल्या पुस्तकासारखं वाचा एवढं कळतं.

आता दया पवारांचं ‘बलुतं’, एका दलित लेखकाने सांगितलेलं स्वतःचं आयुष्य. १९७८, ग्रंथाली प्रकाशन. तुम्ही ते वाचलं असेल, तर सुरुवात आठवा. दगडू मारुती पवार हा माणूस दया पवारांना भेटतो आणि आपलं आयुष्य सांगायला लागतो. दगडू म्हणजे दया पवारच. शहरात शिकून लेखक झालेला एक, आणि आत दडलेला दुसरा, आणि दोघांत संभाषण. ही रचना किती विचारपूर्वक केलेली आहे! पण मी वाचनालयात लागले तेव्हा ‘बलुतं’, ‘उपरा’ वगैरे पुस्तकं ३०० च्या कपाटात होती, समाजशास्त्रात. तिथून ती कोण न्यायचं? निबंध लिहिणारे विद्यार्थी, स्पर्धापरीक्षावाले. परत करताना वाक्य ठरलेलं: ‘फार भोगलंय हो यांनी.’ भाषेबद्दल कोणी बोलायचं नाही, दगडू आणि दया पवार यांच्यातल्या त्या फटीबद्दल तर नाहीच.

मी ती तिथून काढायची ठरवली. मग प्रश्न आला, न्यायची कुठे. वाचनालयात पुस्तकांना विषयवार आकडे देतात त्या ड्युईच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, त्यातल्या कथाकादंबऱ्या ८९१.४६३, चरित्रं ९२० मध्ये. चरित्रांत ठेवली तर टिळक, गांधी, सावरकर यांच्या रांगेत. तिथे वाचक येतो तो मोठ्या माणसाचं आयुष्य वाचायला. आत्मचरित्र हे आयुष्याच्या शेवटी, काही कमावलेल्या माणसाने लिहायचं, असा आपला संकेत होता. दया पवार ‘बलुतं’ आलं तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे, ‘उपरा’ १९८० मध्ये आलं तेव्हा लक्ष्मण माने एकतीसचे. त्या संकेतात ही पुस्तकं बसणारच नव्हती. म्हणून ‘आत्मकथन’, ‘स्वकथन’ असे शब्द रुजले, आणि मला वाटतं मराठीत शिक्क्याने केलेलं सर्वांत चांगलं काम ते. त्या शब्दाने जागा करून दिली. माणूस मोठा असण्याची अट गेली, वयाची गेली, आयुष्य पूर्ण असण्याचीही गेली. त्या जागेत मग ‘अक्करमाशी’ आलं, ‘जिणं आमुचं’ आलं, ‘उचल्या’ आलं, पुढे २००३ मध्ये ‘आयदान’.

आणि त्याच शब्दाने नंतर दार अडवलंही. आत्मकथन म्हटलं की वाचक मोजपट्टी घेऊन बसतो: किती उपाशी राहिला, किती मार खाल्ला. मागच्यापेक्षा जास्त असेल तर चांगलं. एका बाईंनी उर्मिला पवारांचं ‘आयदान’ परत करताना म्हटलं, ‘यात तेवढं दुःख नाही.’ मी काही बोलले नाही, टेबलावर बसून बोलायचं नसतं. पण आईचं आयदानं, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, विणणं आणि लेकीचं लिहिणं हे त्यात कसं एकमेकांत गुंफलंय, त्यातला विनोद, बायकांचं एकमेकींशी बोलणं, हे सगळं त्या बाईंना दिसलंच नाही, कारण त्या दुःख शोधत होत्या. शेवटी मी ती पुस्तकं कादंबऱ्यांच्या शेजारच्या खणात लावली, वर चिठ्ठी फक्त ‘आत्मकथनं’. नियमाला धरून नव्हतं. तपासणीच्या वेळी बोलणीही बसली. पण कादंबरी न्यायला आलेला हात कधीकधी दोन इंच बाजूला जायला लागला, आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकांनी ‘बलुतं’ परत करताना पहिल्यांदाच वेगळं काही म्हटलं: ‘तो दगडू स्वतःलाच सांगतोय ना?’

आता तुमचं पुस्तक.

तुमच्या सगळ्यात जवळचं मराठी पुस्तक माझ्या मते ‘श्यामची आई’ आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, १९३५ मध्ये छापून आलेलं. गुरुजींचं नाव पांडुरंग, पुस्तकात श्याम. रोज रात्री श्याम सांगतो आणि मित्र ऐकतात. म्हणजे सांगणारा वेगळा, नाव बदललेलं, प्रसंग गोष्टीसारखे बांधलेले. आणि तरी महाराष्ट्रात ते कुणी कल्पित म्हणून वाचलेलं नाही. तिथवर ठीक. पण त्याच्यावर ‘संस्कारांचं पुस्तक’ असा जो शिक्का बसला, त्याने ते बालविभागात गेलं ते गेलंच. मोठेपणी परत वाचून बघा. कर्जात एक घर बुडतंय, सावकाराचा माणूस दारात बसतोय, आणि आजारी बाई अब्रू सांभाळत मरतेय. मोठ्या माणसाने वाचायचं ते पुस्तक आपण दहाव्या वर्षी बक्षीस म्हणून देऊन संपवतो.

म्हणून प्रकाशकांच्या ‘सत्य जीवनकहाणी’ला माझा विरोध आहे. नीतीबिती बाजूला ठेवा, कारण साधं आहे: तुम्ही पत्रं रचली आहेत. पत्र म्हणजे कागदपत्र. ‘कादंबरी’ म्हणून छापलं तर आजोबांची ती पत्रं हे तुमचं कसब. गिरणीतल्या माणसाची भाषा तुम्ही कशी पकडलीत हे वाचक बघेल. ‘सत्य’ म्हणून छापलं तर तीच पत्रं खोटा दस्तऐवज. आणि सत्याचा वाचक तपासतो. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. एखादं पत्र त्या फेब्रुवारीचं असेल आणि आजोबा त्यात पाळी बदलल्याचं लिहीत असतील, तर लालबाग-परळचा कुणीतरी म्हातारा तुम्हाला नक्की गाठेल, आणि गाठावंच. त्या एका चुकीने आजीचं खरं बोलणंही संशयात जाईल, जे तुम्ही तिच्या शब्दांत तसंच्या तसं उतरवलंय.

मित्राचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण शिक्का नसलेलं पुस्तक नसतंच. तुम्ही नाही लावलात तर दुकानदार लावेल, त्याने नाही लावला तर माझ्यासारखी ग्रंथपाल दाखल करताना वर्गांक घालेल, तोही दोन मिनिटांत, मलपृष्ठ वाचून. तेव्हा मलपृष्ठाचा मजकूर स्वतः लिहा. त्यात ‘हृदयद्रावक’, ‘वास्तवाचं विदारक दर्शन’ हे शब्द दिसले तर खोडा. ते वाचक आणतात खरे, पण मोजपट्टीवाले.

बहिणीचं बरोबर आहे, मात्र तिचं कारण चूक आहे. ‘कादंबरी’ छापल्याने भाऊबंद थांबणार नाहीत. नातेवाईक शीर्षकपान वाचत नाहीत, ते स्वतःला शोधत सरळ आत शिरतात, आणि त्यांना ‘कादंबरी’ हा शब्द सबब वाटतो. त्यांच्याशी छापण्याआधी बोला, दुसरा इलाज नाही. ‘कादंबरी’ म्हणायचं ते अनोळखी वाचकासाठी, त्याने पत्रं कशी वाचावीत यासाठी. मनोगत सुरुवातीला असेल तर उचलून शेवटी न्या. ‘माझी आजी खरंच होती’ हे वाचकाला पहिल्या पानावर कळलं की तो सहानुभूतीने वाचायला लागतो, आणि सहानुभूतीने वाचणारा तुमच्या चुका तुम्हाला सांगत नाही.

आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका. सहा जण निवडा, घरचे नकोत, लिहिणारे तर अजिबात नकोत. पत्रं असलेली पंधरा पानं छापून घ्या. तीन प्रतींच्या वर नुसतं ‘कादंबरी’, तीनवर ‘सत्य जीवनकहाणी’. दोन्ही गटांना एकमेकांची खबर लागू देऊ नका. कसं वाटलं हे विचारूच नका, सगळे चांगलंच म्हणतात. पानं परत देताना ते आपणहून जो पहिला प्रश्न विचारतील तो शब्दशः लिहून ठेवा. ‘आजोबा परत येतात का?’ असं कोणी विचारलं तर तो गोष्टीत शिरलाय. ‘ही पत्रं तुमच्याकडे अजून आहेत का?’ असं विचारलं, तर तो माणूस तुमच्या घरात शिरलाय, आणि त्याला काय उत्तर देणार हे आत्ताच ठरवून ठेवा.

राहता राहिला आजीचा फोटो. तुम्ही लिहिलंय की मुखपृष्ठासाठी तो प्रकाशकांना फार आवडलाय, नऊवारीतला, दारात उभी असलेला. फोटो घातलात तर खाली ‘कादंबरी’ कितीही ठळक छापा, कोणी वाचणार नाही. तो नको. चित्रकाराकडून दार काढून घ्या, रिकामं.